अनुभवी माणूस खुर्चीत बसतो तेव्हा : जॉन क्विन्सी ॲडम्स यांचा फेरविचार



'आमचे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत' असं आपल्याकडे वडीलधारी माणसं म्हणतात आणि समोरचा गप्प बसतो. अनुभवाच्या नावानं वाद मिटवण्याची ही जुनी रीत आहे. राजकारणातही तेच चालतं. निवडणूक जवळ आली की उमेदवाराबद्दल पहिला प्रश्न येतो, 'गाठीशी अनुभव किती?' सरकारात किती वर्षं होता, कोणती खाती सांभाळली, कुठे वाटाघाटी केल्या. यादी लांब निघाली की आपल्याला हायसं वाटतं.

आज या हायसं वाटण्याची जरा तपासणी करू. त्यासाठी आम्ही अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांना निवडलं आहे. त्यांच्याइतका सरकारी अनुभव घेऊन त्या पदावर आलेली माणसं फार थोडी. आणि तरीही अध्यक्ष म्हणून त्यांची चार वर्षं अपयशी ठरली, याबद्दल इतिहासकारांत फारसं दुमत नाही. अनुभवानं नेतृत्व घडतं हे खरं असेल, तर इथं काय घडलं?

आधी यादी पाहू. जन्म १७६७ चा. वडील जॉन ॲडम्स हे पुढे देशाचे दुसरे अध्यक्ष झाले. मुलगा दहा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर युरोपला गेला. चौदाव्या वर्षी अमेरिकेच्या दूताचा चिटणीस आणि फ्रेंचचा दुभाषा म्हणून तो थेट सेंट पीटर्सबर्गला होता. १७९४ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्याला नेदरलँड्सला दूत म्हणून पाठवलं, तेव्हा वयाची २७ वर्षंही पुरी व्हायची होती. पुढे प्रशिया. मग १८०३ ते १८०८ सिनेट. १८०९ पासून रशिया. १८१४ साली ब्रिटनशी चाललेलं युद्ध मिटवणाऱ्या गेंटच्या तहात ते अमेरिकेच्या शिष्टमंडळाचे प्रमुख. त्यानंतर लंडन. आणि १८१७ ते १८२५ अशी आठ वर्षं जेम्स मन्रो यांचे परराष्ट्रमंत्री. त्या काळी परराष्ट्रमंत्रिपद ही अध्यक्षपदाच्या अलीकडची पायरीच मानली जाई. जेफर्सन, मॅडिसन आणि मन्रो तिघंही याच पायरीवरून वर गेले होते.

परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांचं कामही थोर आहे. १८१९ साली स्पेनशी केलेल्या तहानं फ्लोरिडा अमेरिकेकडे आला आणि देशाची सीमारेषा पहिल्यांदा पॅसिफिक महासागरापर्यंत ओढली गेली. १८२३ च्या मन्रो सिद्धांतामागे तर ॲडम्स यांचाच मोठा हात होता. म्हणजे हा माणूस नुसता खुर्च्या अडवून बसलेला नव्हता.

आता अध्यक्षपदाकडे येऊ. १८२४ च्या निवडणुकीत चार उमेदवार होते. निर्वाचक मतं अशी पडली : अँड्र्यू जॅक्सन ९९, ॲडम्स ८४, क्रॉफर्ड ४१, हेन्री क्ले ३७. बहुमत कोणालाच नाही. राज्यघटनेनुसार निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथं प्रत्येक राज्याला एक मत. क्ले यांनी ॲडम्सना पाठिंबा दिला, १३ राज्यांची मतं मिळून ॲडम्स अध्यक्ष झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्री नेमलं. झालं! 'भ्रष्ट सौदा' अशी आरोळी उठली आणि ती चार वर्षं थांबली नाही. असा सौदा खरंच झाल्याचा पुरावा कोणी देऊ शकलेलं नाही. पण क्ले यांची नेमणूक बाहेर कशी दिसेल, हा प्रश्न ॲडम्सना अडवू शकला नाही, हे ध्यानात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

१८२५ च्या डिसेंबरात त्यांनी काँग्रेसला पहिला वार्षिक संदेश पाठवला. तो आजही वाचण्यासारखा आहे. रस्ते आणि कालवे बांधा, राष्ट्रीय विद्यापीठ काढा, शोधमोहिमा पाठवा, युरोपात शंभराहून अधिक वेधशाळा आहेत आणि आपल्याकडे एकही नाही, तेव्हा एक तरी उभारा. वेधशाळांना त्यांनी आकाशातल्या दीपगृहांची उपमा दिली आणि विरोधक वर्षानुवर्षं त्या उपमेची टिंगल करत राहिले. त्याच संदेशात त्यांनी काँग्रेसच्या सभासदांना सुचवलं की, मतदारांच्या इच्छेनं आपले हातपाय लुळे पडले आहेत असं जगाला सांगायची वेळ आणू नका. ज्या माणसाला जनतेची बहुसंख्य मतं मिळाली नव्हती, त्यानं हे लिहावं! मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांनी सावध केलं होतं. विद्यापीठाचं काही जमायचं नाही, हे क्ले यांनीही सांगितलं होतं. दक्षिणेतल्या गुलामांच्या मालकांना तर यात वेगळाच धोका दिसला. जे केंद्र सरकार कालवे खणू शकतं, ते उद्या गुलामगिरीलाही हात घालू शकेल. ॲडम्सनी संदेश पाठवलाच.

पुढचं सगळं याच चालीनं गेलं. १८२६ च्या पनामा परिषदेला प्रतिनिधी पाठवायचे होते. काँग्रेसनं वाद घालत इतका वेळ काढला की एक प्रतिनिधी वाटेत वारला आणि दुसरा पोचण्याआधी परिषद आटोपली. पोस्टमास्टर जनरल जॉन मॅक्लीन यांच्या हातात देशभरच्या नेमणुका होत्या आणि त्यांचा कल जॅक्सन यांच्याकडे असल्याचं उघड दिसत होतं. ॲडम्सनी त्यांना काढलं नाही. का? तर माणूस कामाला चोख आहे म्हणून. चार वर्षांत त्यांनी पदावरून काढलेले अधिकारी जेमतेम डझनभर. १८२८ ला निकाल लागला. जॅक्सन १७८, ॲडम्स ८३.

या कहाणीवर दोन अभिप्राय नेहमी ऐकू येतात. दोन्ही आम्हांला अपुरे वाटतात.

पहिला असा : अनुभवाचा काही उपयोग नसतो, राजकारण ही अंगभूत कला आहे. हे टिकत नाही. ॲडम्सना हरवणारे जॅक्सन काही कोरी पाटी नव्हते. प्रतिनिधिगृह, सिनेट, टेनेसीचं न्यायाधीशपद, फ्लोरिडाचं गव्हर्नरपद हे सगळं त्यांनी पाहिलेलं होतं. लोकांना ते बाहेरचे वाटले, ही गोष्ट वेगळी.

दुसरा अभिप्राय स्वभावाचा. ॲडम्स रुक्ष होते, ताठ होते, माणूसघाणे होते. याला त्यांच्याच रोजनिशीचा आधार देतात. बाराव्या वर्षी सुरू केलेल्या या रोजनिशीचे ५१ खंड आहेत आणि त्यात स्वतःवरची टीका भरपूर आहे. पण हाच रुक्ष माणूस गेंटमध्ये पाच जणांचं भांडकुदळ शिष्टमंडळ घेऊन तह करून आला. क्ले रात्रभर पत्ते खेळून झोपायला जात, तेव्हा ॲडम्स उठून कामाला बसत. तरी तह झाला. स्वभाव तोच होता. मग तिथं जमलं आणि वॉशिंग्टनमध्ये का नाही जमलं?

आमचं म्हणणं असं. अनुभवाची वर्षं मोजताना आपण एक प्रश्न विचारायला विसरतो : त्या वर्षांत हा माणूस कोणाला उत्तर देत होता? दूत उत्तर देतो परराष्ट्रमंत्र्याला. परराष्ट्रमंत्री उत्तर देतो अध्यक्षाला. म्हणजे वर एक माणूस असतो, तो बहुधा समजूतदार असतो, आणि त्याला पटवण्याचं साधन म्हणजे चांगला युक्तिवाद, नीट लिहिलेला खलिता.

१८२३ च्या नोव्हेंबरातलं मंत्रिमंडळ डोळ्यांपुढे आणा. दक्षिण अमेरिकेच्या प्रश्नावर दोघांनी मिळून घोषणा करू, असा प्रस्ताव ब्रिटनच्या कॅनिंग यांनी पाठवला होता. मन्रोंनी जेफर्सन आणि मॅडिसन या दोघा माजी अध्यक्षांचा सल्ला घेतला. दोघंही अनुकूल. मंत्रिमंडळात कॅलहूनही अनुकूल. एकटे ॲडम्स म्हणाले, ब्रिटिश युद्धनौकेच्या मागे होडीसारखं फरफटत जाण्यापेक्षा आपण आपलं स्वतंत्र बोलू. दिवसामागून दिवस ते हेच मांडत राहिले आणि अखेर त्यांचंच म्हणणं ठरलं. हा युक्तिवादाचा विजय होता. पण पटवायचं होतं एका माणसाला, बंद खोलीत. ते लोकांच्या आणि काँग्रेसच्या गळी उतरवण्याचं काम मन्रो करणार होते. ॲडम्स यांच्या अनुभवाचा हा अर्धा भाग नेहमी दुसरंच कोणीतरी करत आलं होतं. अध्यक्ष झाल्यावर तो दुसरा माणूस उरला नाही.

इथं मन्रोंशी तुलना उपयोगी पडते. वरवर पाहता मन्रोंची यादी अशीच. सिनेट, फ्रान्स, ब्रिटन, परराष्ट्रमंत्रिपद. पण बारकाईनं पाहा. १७८९ साली ते मॅडिसन यांच्याविरुद्ध निवडणूक हरले. फ्रान्समधून १७९६ साली वॉशिंग्टन यांनी त्यांना परत बोलावलं. ब्रिटनशी केलेला त्यांचा तह जेफर्सन यांनी सिनेटपुढे ठेवलाच नाही. आणि या सगळ्यात ते व्हर्जिनियाचे गव्हर्नरही होते. हातात फारसे अधिकार नसताना विधिमंडळाबरोबर काम कसं करायचं, हे गव्हर्नरला शिकावंच लागतं. अध्यक्ष झाल्याबरोबर १८१७ साली मन्रो उत्तरेकडच्या राज्यांच्या दौऱ्यावर निघाले, विरोधकांच्या बॉस्टन शहरात गेले, आणि तिथल्याच वर्तमानपत्रानं 'सद्भावनेचं युग' हा शब्दप्रयोग काढला. १८२० मध्ये एक सोडून बाकी सगळी निर्वाचक मतं त्यांना पडली. ते एक मत कोणाला पडलं होतं? ॲडम्सना! मन्रोंना डोक्यावर घ्यायचं कारण नाही. विरोधी पक्ष कोसळला होता हे त्यांचं नशीब, आणि गुलामगिरीचा प्रश्न त्यांनी पुढे ढकलला हेही खरं. पण पडणं, परत बोलावलं जाणं, नकार पचवणं यांचा अनुभव त्यांच्यापाशी होता.

ॲडम्सनाही असा एक अनुभव आला होता आणि त्याचं पुढे काय झालं ते बोधप्रद आहे. १८०७ साली जेफर्सन यांनी परदेशी व्यापारावर बंदी घातली. ॲडम्स यांच्या मॅसॅच्युसेट्सचा सगळा धंदा समुद्रावरचा. तरी त्यांनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाऊन बंदीला पाठिंबा दिला. राज्याच्या विधिमंडळानं मुदतीआधीच त्यांच्या जागी दुसऱ्याची निवड केली आणि त्यांनी राजीनामा दिला. जॉन केनेडी यांनी १९५६ च्या 'प्रोफाइल्स इन करेज' या पुस्तकात या प्रसंगाचा गौरव केला आहे. गौरव योग्यच आहे. पण केनेडी धैर्याकडे पाहतात, त्या धैर्यातून ॲडम्स काय शिकले याकडे पाहत नाहीत. ते शिकले असे : लोक रागावले तर आपण बरोबर असण्याची शक्यता वाढते. सिनेटरला हे शोभून दिसतं. अध्यक्षाला हे घातक आहे. कारण सिनेटर एक मत देऊन मोकळा होतो, अध्यक्षाला ती गोष्ट तडीस न्यायची असते. क्ले यांची नेमणूक आणि तो पहिला संदेश या दोन्हींमागे हीच सवय दिसते.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये राज्यकर्त्यांच्या शिक्षणाचा आराखडा आहे. गणित, तत्त्वचर्चा हे सगळं झाल्यावर पस्तिशीपासून पन्नाशीपर्यंत, १५ वर्षं, त्यांना गुहेत परत पाठवायचं आणि पदं सांभाळायला लावायची. अनुभवात ते कोणाला मागे नसावेत आणि मोहात डळमळू नयेत म्हणून. ॲडम्सनी ही परीक्षा पहिल्या वर्गात पार केली असती. पण प्लेटोच्या नगरीत राज्यकर्त्याला निवडून यावं लागत नाही. ॲडम्स हे प्लेटोच्या राज्यासाठी तयार झालेले राज्यकर्ते होते आणि त्यांना राज्य मिळालं ते मतदारांचं.

ॲरिस्टॉटल इथं कामाला येतो. 'पॉलिटिक्स'मध्ये तो म्हणतो की घर कसं झालंय हे गवंड्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला जास्त कळतं, आणि जेवण कसं झालंय हे आचाऱ्यापेक्षा पाहुण्याला. आपल्या भाषेत सांगायचं तर पंगतीत बसलेल्याला. ॲडम्स उत्तम आचारी होते, पण वाढायला पंगतीत कधी उतरले नव्हते. ही चूक हुशार माणसं हमखास करतात. विभागाचं काम आमच्या अंगावर पडलं, तेव्हा आम्हीही सुंदर टिपणं लिहीत होतो. सहकारी 'उत्तम' म्हणून सही करत आणि कोणी जागचं हलत नसे. टिपणात तर्काची चूक नव्हती. आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं, एवढंच.

अध्यक्षपदाच्या शेवटच्या वर्षातला एक प्रसंग आहे. ४ जुलै १८२८. कालव्याच्या कामाचा मुहूर्त. भाषण झालं, ॲडम्सनी फावडं मारलं आणि ते मुळात अडकलं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी अंगातला कोट काढून टाकला आणि परत खणायला लागले. जमलेल्या लोकांनी एकच जल्लोष केला. अलंकारिक भाषणापेक्षा लोकांना हेच जास्त भावलं, असं त्यांनी स्वतः रोजनिशीत नोंदवलं आहे. नोंदवलं, पण तोवर उशीर झाला होता.

इथं थांबलो असतो तर एक सोपा निष्कर्ष हाती लागला असता : नेत्याला लोकांची नस कळली पाहिजे. पण याला एक जबरदस्त आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. ॲडम्स अध्यक्ष झाले तेव्हा क्रीक या आदिवासी राष्ट्राची जॉर्जियातली जमीन घेणारा एक तह नुकताच झाला होता. त्यावर त्यांनी सही केली. तो लबाडीनं केलेला आहे हे कळल्यावर तो बाजूला सारून त्यांनी १८२६ साली नवा तह केला. जॉर्जियाचे गव्हर्नर ट्रूप यांनी तो धुडकावून मोजणीदार पाठवले. ॲडम्सना पाठिंबा कुठेच नव्हता आणि शेवटी क्रीक लोकांची जमीन गेलीच. त्यांच्यानंतर जॅक्सन आले. त्यांना लोकांची नस नेमकी कळली होती. १८३० साली त्यांनी आदिवासींना हुसकावण्याचा कायदाच करून घेतला. मग लोकांना उत्तर देणारा अनुभव श्रेष्ठ कसा म्हणायचा? क्रीक लोकांना मत कुठे होतं?

याचं उत्तर ॲडम्स यांच्याच आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे. हरल्यावर ते घरी बसले नाहीत. १८३० साली प्लिमथ भागातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. माजी अध्यक्षानं साधा सभासद व्हावं का, अशी कुजबुज झाली. लोकांनी निवडलं तर गावच्या पंचाचं कामही कमीपणाचं नाही, असं त्यांचं उत्तर होतं. या निवडीनं अध्यक्षपदापेक्षाही जास्त समाधान दिलं, असं रोजनिशीत आहे. १८३६ पासून गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेविना बाजूला टाकण्याचा नियम सभागृहानं केला. ॲडम्स अर्ज आणतच राहिले. १८३७ साली त्यांनी सभापतींना साळसूदपणे विचारलं, गुलामांनी पाठवलेला म्हणून एक अर्ज आलाय, तो या नियमात बसतो का? सभागृहात आगडोंब उसळला. निषेधाचा ठराव आला. मग त्यांनी हळूच सांगितलं की अर्जात गुलामगिरी रद्द करू नका अशीच मागणी आहे! बायकांनी पाठवलेल्या अर्जांसाठीही ते असेच भांडले. १८४१ साली 'आमिस्ताद' जहाजावरच्या आफ्रिकन बंदिवानांची बाजू त्यांनी सुप्रीम कोर्टात मांडली आणि ते सुटले. १८४४ च्या डिसेंबरात तो नियम रद्द झाला. ज्या वेधशाळेची टिंगल झाली होती, तशा एका वेधशाळेची कोनशिला बसवायला ते १८४३ साली, वयाच्या ७६ व्या वर्षी सिनसिनाटीला गेले. १८४८ च्या फेब्रुवारीत सभागृहातच कोसळले आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत वारले.

आता पाहा. तहांचं ज्ञान, कामकाजाच्या नियमांवरची पकड, एकटं उभं राहायची सवय, हा अनुभव सगळा जुनाच. फरक एवढाच की आता त्यांच्या हातात लोकांनी सह्या करून पाठवलेले कागद होते, आणि त्यात मत नसलेल्यांचेही होते. जॅक्सन मतदारांना उत्तर देत होते. म्हातारे ॲडम्स मत नसलेल्यांनाही उत्तर देऊ लागले. गुलामगिरी हटवणाऱ्या अमेरिकनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या दीर्घ लढ्यात सभागृहात अर्जांचे गठ्ठे घेऊन उभा राहिलेला हा हरलेला अध्यक्षही होता.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी कोणी अनुभवाची लांब यादी आपल्यापुढे ठेवली, तर वर्षं जरूर मोजा. पण त्यापुढे दोन प्रश्न विचारा. या वर्षांत तुम्ही कोणाला उत्तर देत होता? आणि ज्यांचं मत तुम्हांला नको होतं, किंवा ज्यांना मतच नव्हतं, त्यांचा कागद तुम्ही कधी हातात घेतला का? पहिल्या प्रश्नावर ॲडम्स अध्यक्ष म्हणून अडखळले. दुसऱ्याचं उत्तर द्यायला त्यांना सत्ता जावी लागली. आपल्या नेत्यांना ते सत्तेत असतानाच विचारायला हवं, आणि ते काम आपलं आहे.